बाईच्या हातातला पैसा आणि कार्यशाळेची फी

(खुलताबाद इथे झालेल्या गटाच्या बैठकीतलं भाषण)



मागच्या बैठकीत कार्यशाळेत काय काय घ्यायचं हे आपण पाऊण तासात ठरवलं. फी किती ठेवायची यावर मात्र दीड तास बोललो आणि काहीच न ठरवता उठलो. कुणी म्हणालं फुकट घ्या, कुणी म्हणालं पाचशे ठेवा, कुणी म्हणालं रेशनकार्ड बघून ठरवा. शेवटी 'तू हिशेब करून आण' असं मला सांगण्यात आलं. तो आणला आहे. एका वहीच्या पानावर मावेल एवढाच आहे, पण करायला बसल्यावर लक्षात आलं की बाईचे श्रम, बाईचा वेळ, बाईच्या नावावरचा पैसा, हे आपण शिबिरांमधून मोठ्या आवाजात बोलतो ते सगळं या एका पानावर येऊन बसलं आहे.

आधी नावाबद्दल. शहरातल्या जाहिरातींमध्ये याला 'वेलनेस वर्कशॉप' म्हणतात. मागच्या वेळी आपल्यातल्या एका खालांनी विचारलं, 'वेलनेस म्हणजे काय गं?' तेव्हा मागून एकजण म्हणाली, 'बरं वाटणं.' याहून चांगलं भाषांतर मला सुचलेलं नाही. तर ही बरं वाटण्याची कार्यशाळा आहे. दोन दिवस, अकरा ते चार, तीसजणी. मान, पाठ, कंबर यांचे व्यायाम, श्वास, झोप, रक्त कमी असणं, पाळी जातानाचे त्रास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी कुणाला काही न शिकवता नुसतं एकमेकींशी बोलणं.

हे कशाला हवं, असं आपल्यात कुणी विचारणार नाही. पण बाहेर विचारतात, म्हणून एक आकडा सांगून ठेवते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. त्याला पस्तीसहून अधिक वर्षं झाली. दवाखाने वाढले, रस्ते झाले. अंगावर काढायची सवय किती गेली ते तुम्ही आपापल्या घरात बघा. त्या बायका दवाखान्यात का गेल्या नसतील याची कारणं आपल्याला कुणी सांगायला नकोत. पैसा नाही, वेळ नाही, परवानगी नाही, सोबत नाही. फी म्हटलं की आपण यातलं पहिलं कारण तेवढं धरतो. मला उरलेली तीनही धरायची आहेत.

आता खर्च. बाहेरून येणाऱ्या दोन प्रशिक्षक, प्रत्येकीला दिवसाला दीड हजार, म्हणजे दोन दिवसांचे सहा हजार. आपल्यातल्या दोघी दोन्ही दिवस पूर्णवेळ राबणार, त्यांना दिवसाला पाचशे, म्हणजे दोन हजार. मुलं सांभाळणारी एक, तिचे एक हजार. जेवण आणि दोन वेळचा चहा, चाळीस ताटं, नव्वद रुपये ताट, दोन दिवस, सात हजार दोनशे. जागा एक हजार, प्रवास आठशे, कागद आणि चित्रांची पुस्तिका एक हजार. बेरीज १९,०००. तीसजणींत वाटले तर डोई ६३३ रुपये.

आकडा ऐकून लगेच काटछाट सुरू होते, आणि ती नेहमी एकाच बाजूनं होते. 'प्रशिक्षक आपल्याच विचाराच्या आहेत, त्या सेवा म्हणून करतील.' 'जेवण आपल्याच बचतगटाकडून घेतोय, साठ रुपयांत करतील की.' 'मुलं सांभाळायला पैसे कशाला, कुणाची तरी सून येईल.' जागेच्या भाड्यात कुणी घासाघीस सुचवली नाही, छपाईत सुचवली नाही. जिथे बाईचे हात लागतात तिथेच आपल्याला सेवा आठवते. सरकारही हेच करतं. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि मग मानधनाला पगाराचे नियम लागू नाहीत असं सांगतात. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला एप्रिल २०२२ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. त्यानंतरही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा मोठा संप महाराष्ट्रातल्या अंगणवाडी बायकांना करावा लागला. आपण त्यांच्या मोर्चात घोषणा द्यायच्या आणि आपल्या कार्यशाळेत भाकरी थापणारीला साठ रुपयांत बसवायचं, हे मला जमणार नाही. माझ्या हिशेबात हा एकोणीस हजारांचा आकडा कमी होणार नाही. तो कुणाकडून किती घ्यायचा, एवढंच ठरवायचं आहे.

मुलं सांभाळण्यावर अजून एक वाक्य. २००५च्या रोजगार हमी कायद्यानं सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं कामावर आली तर एका बाईला ती सांभाळायचं काम द्यायचं आणि तिला मजुरीही पूर्ण द्यायची, अशी तरतूद केली होती. किती कामांवर ती प्रत्यक्ष दिसली हा वेगळा विषय, पण कागदावर तरी ते काम मानलं गेलं. आपण त्याहून मागे जायला नको.

आता 'फुकट' आणि 'पाचशे' या दोन मतांकडे येते.

पाचशेवाल्यांचं म्हणणं, फुकटाला किंमत नसते. नावं देतात आणि येत नाहीत. आल्या तरी मन लावून बसत नाहीत. हे इतक्यांदा ऐकलं आहे की ते खरंच असेल असं वाटायला लागतं. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्यूपास या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी हेच तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांना दवाखान्यात औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्यायच्या होत्या. काही ठिकाणी फुकट दिल्या, काही ठिकाणी थोडी किंमत ठेवली. ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती कमी वापरली, असं काही आढळलं नाही. मात्र किंमत साठ सेंटपर्यंत नेली तेव्हा मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साठांनी खाली आलं. म्हणजे किंमत लावल्यानं बेफिकीर बायका गळाल्या असं झालं नाही. गरजू बायकाच गळाल्या.

पण म्हणून मी 'फुकट'च्या बाजूनंही नाही, कारण मच्छरदाणी आणि कार्यशाळा यांत फरक आहे. एकीनं मच्छरदाणी नेली नाही तर ती दुसरीला देता येते. आपल्याकडे तीसच जागा आहेत. नाव देऊन न आलेली बाई दुसरीची जागा अडवते आणि तिच्या नावाचं ताट वाया जातं. नाव पक्कं होण्यासाठी काहीतरी हवं. ते काय, ते पुढे सांगते.

आणि खरं सांगायचं तर कुणालाच ही कार्यशाळा फुकट पडणार नाही. दोन दिवसांची मजुरी बुडेल. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शेतावर बाईला त्याहून कमी मिळतात हे मला माहीत आहे, आणि हमीचं काम रोज मिळत नाही हेही. तरी मापाला तो दर धरा. दोन दिवसांचे ६२४ रुपये. आपला डोई खर्च आला होता ६३३. म्हणजे खुरपणी सोडून आलेली बाई दारात पाय ठेवते तेव्हाच तिनं आपल्या वाट्याचा खर्च जवळजवळ मोजलेला असतो. फक्त तो आपल्या गल्ल्यात पडत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. तिच्याकडून वर पाचशे मागणं म्हणजे तिला सगळ्यांत महाग तिकीट देणं आहे. नोकरी करणारी मैत्रीण रजा टाकून येते तेव्हा तिचा पगार चालू असतो. तिच्या ६३३ला खरोखर ६३३च लागतात.

यातूनच दिवस कोणता, हा प्रश्न आला. आपण रविवार धरून चाललो होतो, कारण रविवार सुट्टीचा. सुट्टीचा कुणाला? रविवारी वेरूळला गर्दी असते. लेण्यांबाहेर मणी-माळा, पेरू, शेंगा विकणाऱ्या बायकांचा तो कमाईचा दिवस. शनिवारी भद्रा मारुतीला रीघ, श्रावणात तर पायी येणाऱ्यांची रात्रभर. तेव्हा फूल-नारळवाल्यांना उसंत नाही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पर्यटकांवर पोट असणाऱ्या बायकांना त्या दिवशी यायला कमी तोटा. म्हणून मी दोन लागोपाठचे मंगळवार सुचवते आहे. यावर शिक्षक मैत्रिणी नाराज होतील. त्यांना माझं म्हणणं एवढंच, की तुमच्याकडे रजा आहे आणि ती पगारी आहे. ज्यांच्याकडे रजा नावाची वस्तूच नाही त्यांचा वार आधी धरू.

'आता बायकांच्या खात्यावर पैसे येतात' असंही एक मत आलं. जुलै २०२४पासून 'माझी लाडकी बहीण'चे दरमहा दीड हजार मिळायला लागले, मग तीनशे-चारशे जड का जावेत? मी दहा-बाराजणींशी बोलले. पैसे आल्याचा आनंद खरा आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण ते यायच्या आधीच वाटले गेलेले असतात. गॅसची टाकी, मुलीची फी, बचतगटाचा हप्ता, सासूचं औषध. आणि एटीएमचं कार्ड कुणाच्या खिशात असतं, हेही विचारा. खातं तिच्या नावावर आणि कार्ड त्याच्याकडे, अशी घरं मला दोन गल्ल्यांत चार सापडली.

रेशनकार्डावरून फी ठरवायची सूचना याच कारणानं मला पटत नाही. पिवळं कार्ड असेल तर कमी, केशरीला मध्यम, पांढऱ्याला पूर्ण. दिसायला न्याय्य दिसतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कार्डावर घरातली वयानं मोठी बाई कुटुंबप्रमुख केली, हेही चांगलं झालं. पण कार्ड घराची ऐपत सांगतं. नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या पांढऱ्या कार्डाच्या घरात राहते आणि साबणाच्या वडीसाठी वहिनीकडे बघते. दोन मजली घरातली सून गाडीतून उतरते, पण पन्नासची नोट हवी तर कारण सांगावं लागतं, आणि 'पाळी जाताना काय होतं ते ऐकायला जायचंय' हे कारण सांगण्यापेक्षा ती घरी बसेल. उलट चार घरची धुणीभांडी करणारी, पिवळ्या कार्डाची बाई कनवटीला दोनशे बाळगून असते आणि कुणाला विचारत नाही. म्हणून घराचं उत्पन्न विचारायचंच नाही, असं मला वाटतं. बाईला एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही तिनं स्वतःलाच विचारायचा. कुणालाही न सांगता, कुणाची परवानगी न घेता मी आज किती खर्च करू शकते?

त्यावरून तीन दर काढले आहेत. पन्नास, सहाशे तीस, बाराशे. मधला दर म्हणजे स्वतःचा खर्च स्वतः उचलणं. वरचा म्हणजे स्वतःचा उचलून जवळजवळ आणखी एकीचा. कुठला घ्यायचा ते जिचं तिनं ठरवायचं, पुरावा मागायचा नाही. दोन दर म्हटलं की काहींना अन्याय वाटतो. पण आपल्या तालुक्याला ते नवं नाही. २०१८ साली वेरूळचं तिकीट वाढलं तेव्हा भारतीयाला चाळीस आणि परदेशी पाहुण्याला सहाशे झालं. लेणी दोघांनाही तीच दिसतात, आणि तिकिटाच्या खिडकीवर सहाशेवाला चाळीसवाल्याशी भांडताना मी तरी पाहिलेला नाही. फरक एवढाच, की तिथे पासपोर्ट बघतात आणि आपण काहीच बघणार नाही.

'मग सगळ्याच पन्नास देतील.' काही देतील. परवडत असून देतील. त्यांच्यावर पाळत ठेवण्यात जो वेळ आणि जी मनं खर्ची पडतील ती मला जास्त महाग वाटतात. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाहीत. देणगी घेतात तीही ज्यानं निदान एक शिबिर पुरं केलं आहे त्याच्याकडूनच. १९७६पासून ते चाललं आहे. त्यांच्यामागे मोठं जाळं आहे, आपल्यामागे नाही, म्हणून तसंच्या तसं आपल्याला झेपणार नाही. पण पैसा अनुभवानंतर आणि आपखुशीनं घ्यायचा, ही त्यातली गोष्ट उचलण्यासारखी आहे.

दुसरं उदाहरण पुस्तकाचं. राजस्थानातल्या खेड्यातल्या बायकांनी शिबिरांमधून 'शरीर की जानकारी' नावाचं पुस्तक तयार केलं, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या 'काली फॉर वुमेन'नं ते छापलं. लिहिणाऱ्या पंचाहत्तरजणी होत्या. पहिल्या चित्रांत उघडं शरीर होतं, तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, आमच्याकडे अशी बाई कधी दिसत नाही. मग चित्रातल्या बाईला घागरा दिला आणि तो कागद उचलला की आतलं दिसेल अशी सोय केली. ते पुस्तक त्या बायकांनीच गावोगाव खास कमी किमतीत विकलं. कपडा आणि किंमत, दोन्ही कुणाच्या नजरेनं ठरवायचं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आता आपला जमाखर्च. आपल्या ओळखीतून माझा अंदाज असा, की चौदाजणी पन्नासवाल्या, आठजणी मधल्या, आठजणी बाराशेवाल्या. मधल्यांचे ५,०४०, वरच्यांचे ९,६००, मिळून १४,६४०. पन्नासवाल्यांचे मी जमेत धरलेलेच नाहीत, कारण ती अनामत आहे. नाव पक्कं करायला पन्नास द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकीला पुस्तिकेबरोबर जे पाकीट मिळेल त्यात ते परत. पाकिटं तीसही सारखी, बंद. कुणाच्यात नोट आहे आणि कुणाच्यात नुसती पावती, ते पावती लिहिणाऱ्या एकीलाच माहीत. एसटीला मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा आसपासच्या गावांतून येणारीचा जाण्यायेण्याचा काही भार त्यातून हलका होईल. ज्यांना द्यावंसं वाटेल त्यांच्यासाठी आतल्या खोलीत माठाशेजारी पेटी ठेवू. बाहेरच्या दालनात नको, तिथे सगळ्यांचे डोळे असतात.

तूट येते ४,३६०. ती गटाच्या निधीतून भरावी, असं मी सुचवते. ही तूट 'मदत' म्हणून लिहू नका. अहवालात 'कार्यशाळेचा खर्च' असंच लिहा.

ही तूट भरून द्यायची एक तयारी बाहेरूनही आली होती, ते सांगायला हवं. ताकदीची पावडर विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं सगळे एकोणीस हजार देऊ केले. अट एवढीच, की दारात त्यांचं टेबल आणि शेवटी वीस मिनिटं त्यांच्या बाईचं बोलणं. मग कार्यशाळा खरंच फुकट झाली असती. पण रक्त कमी असलेल्या बाईला आपण सकाळी गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या सांगणार, आणि दुपारी तीच बाई हजाराचा डबा हप्त्यानं घेऊन घरी जाणार. तिला त्या दिवसाची फी एक हजार पडली असती. मी नाही म्हणून कळवलं आहे. कुणाचं वेगळं मत असेल तर आज बोला.

वरच्या दराबद्दल ज्यांना बाराशे परवडतात त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलते. आठजणी मिळाल्या नाहीत तर हे गणित कोसळतं. सहाच मिळाल्या आणि उरलेल्या दोघी मधल्या दरात आल्या, तरी तूट साडेपाच हजार होते. निधीत आज तेवढे आहेत, पण पुढच्या कार्यशाळेला उरत नाहीत. म्हणून बाराशेची नावं आधी घ्यायची, पन्नासची नंतर जाहीर करायची, असा क्रम मी ठेवला आहे. आणि एक विनंती. बाराशे देणारीला पुढची सतरंजी नाही, वेगळा चहा नाही, मंचावर फूल नाही. जिला ते हवं असेल तिनं शहरातल्या कार्यशाळेला जावं, तिथे ते मिळतं.

पैसे घ्यायचे ते बाईच्याच हातून. कुणाचा नवरा 'आमच्या हिचं नाव लिहा' म्हणत नोट पुढे करेल. त्याला बसवा, चहा द्या, आणि तिलाच पाठवा म्हणून सांगा. बचतगटाच्या हप्त्यातून परस्पर कापूनही घ्यायचे नाहीत, तसं केलं की नाही म्हणायची सोय राहत नाही.

हिशेबाचा कागद फिरवते आहे. दोन खालांना आणि मागे बसलेल्या काकूंना कुणीतरी वाचून दाखवा. मंगळवारचं आणि बाराशेच्या आठ नावांचं आज ठरलं, तर पावतीपुस्तक उद्याच छापायला टाकते.